दोन सप्तकं वर नेलं की पंचम लागतो! सिंथ, सीव्ही, गेट, मिडी: कोणी उकलून सांगेल का?

पेटीवाला_म्हार्दोळ

नमस्कार मंडळी. मी पेटीवाला. भजनी मंडळात आणि चवथीच्या आरत्यांना पेटी, जत्रेच्या नाटकाला ऑर्गन, एवढाच माझा पसारा. हणजूणला राहणारे एक ओळखीचे गृहस्थ परदेशी गेले आणि जाताना एक जुना जपानी सिंथ माझ्याकडे ठेवून गेले. एका वेळी एकच स्वर वाजतो, पण पुढच्या बाजूला भोकंच भोकं. सोबत तळहाताएवढा एक नवा सिक्वेन्सर आहे, म्हणजे आधी भरून ठेवलेले स्वर ओळीने पाठवणारं यंत्र. त्याच्यावर 'सीव्ही' आणि 'गेट' अशी दोन भोकं. तिथून दोन वायरी काढून सिंथच्या 'सीव्ही' आणि 'ट्रिगर' लिहिलेल्या भोकांत घातल्या.

आता ऐका. सिक्वेन्सरवर खालचा सा लावला, सिंथवर सा लागला. एक सप्तक वरचा सा, तोही चोख. आणखी एक सप्तक वर नेला तर सा नाहीच, पंचम! आणखी एक सप्तक वर नेल्यावर पुन्हा सा, पण तो असायला हवा त्याहून एक सप्तक खाली. मधल्या पट्ट्यांची तर दशाच आहे. खालच्या सा पासून कोमल रिषभ मैलभर लांब, आणि वरचा शुद्ध निषाद सा ला जवळजवळ चिकटलेला.

दुसरं म्हणजे काहीच दाबलेलं नसताना सिंथ आपला गातोच आहे. सिक्वेन्सरचा स्वर आला की मात्र गप्प. सगळं उलटं.

यंत्र बिघडलंय का? हे सीव्ही-गेट म्हणजे नेमकं काय? आणि मिडी नावाची वायर जगात असताना ही भानगड कशाला? व्हिडिओ पुष्कळ बघितले, पण ते लोक दुसऱ्याच मिनिटाला वीस वायरी लावून मोकळे होतात.

कुळागर

देवचार बसलाय त्यात. रोट दाखवा, उतरेल.

ओहम_शांती

देवचार नको, यंत्र ठणठणीत आहे. तुमच्या पंचमानेच चोर पकडून दिला.

अशा सिंथच्या आत स्वर म्हणजे व्होल्टेज. सीव्ही म्हणजे तेच, कंट्रोल व्होल्टेज. ऑसिलेटरला, म्हणजे स्वर काढणाऱ्या भागाला, व्होल्टेज वाढवून दिलं की तो वरचा स्वर लावतो. पण किती वाढवल्यावर किती वर, याचं गणित सगळ्यांनी एकसारखं मांडलं नाही. अमेरिकेतले सिंथ बनवणारे रॉबर्ट मूग आणि त्यांच्यामागून आलेल्या बहुतेकांनी ठरवलं की १ व्होल्ट वाढला की एक सप्तक चढायचं. पुन्हा १ व्होल्ट, पुन्हा एक सप्तक. सप्तकात बारा पट्ट्या, म्हणून एका पट्टीला ८३.३ मिलीव्होल्ट. याला म्हणतात व्होल्ट पर ऑक्टेव्ह. कॉर्गच्या १९७८ च्या एमएस-२० मध्ये आणि यामाहाच्या जुन्या सीएस मालिकेतल्या बऱ्याच सिंथमध्ये दुसरी पद्धत आहे, हर्ट्झ पर व्होल्ट. तिथे कंपनसंख्या सरळ व्होल्टेजच्या पटीत चालते. व्होल्टेज दुप्पट केलं तर एक सप्तक.

तुमचा सिक्वेन्सर पहिल्या पद्धतीचा आणि सिंथ दुसऱ्या पद्धतीचा दिसतोय. खालचा सा म्हणजे १ व्होल्ट धरा. सिक्वेन्सर सप्तकागणिक २, ३, ४ व्होल्ट देत जातो. सिंथ त्याचा अर्थ लावतो दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनं. दुप्पट म्हणजे वरचा सा. तिप्पट म्हणजे त्याच्या वरचा पंचम. चौपट म्हणजे त्याच्याही वरचा सा. तंबोऱ्याच्या तारेतून निघणारी स्वयंभू स्वरांची ओळ आहे ही, दुसरं काही नाही. मधल्या पट्ट्याही तशाच. १ व्होल्टवरून १.०८३ वर गेलात की हा सिंथ १०० सेंटऐवजी (एका पट्टीचे १०० सेंट) जवळपास १३९ सेंट चढतो, आणि २ व्होल्टच्या अलीकडची शेवटची पायरी जेमतेम ७४ सेंटची होते. म्हणून रिषभ लांब आणि निषाद चिकटलेला.

खात्री करून घ्या. चार सप्तकं वर न्या, म्हणजे ५ व्होल्ट. शुद्ध गंधार लागला पाहिजे, आणि तोही तुमच्या पेटीच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला, साधारण १४ सेंट. लागला तर निदान पक्कं.

उलट्या वागण्याचं कारण वेगळं आहे. गेट म्हणजे 'स्वर चालू, स्वर बंद' एवढंच सांगणारी रेषा. तुमचा सिक्वेन्सर स्वर चालू असताना ५ व्होल्ट देतो आणि एरवी शून्य. जुन्या कॉर्ग आणि जुन्या मूगमध्ये एस-ट्रिगर असतो. तिथे ती रेषा जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, टेकली की स्वर चालू. तुमचं गेट शून्यावर बसलेलं असतं तेव्हा सिंथला वाटतं की कोणीतरी पट्टी दाबून धरलीय. ५ व्होल्ट आले की हात सुटला.

सिक्वेन्सरच्या सेटिंगमध्ये शोधा. आजकालच्या बऱ्याच सिक्वेन्सरमध्ये दोन्ही पद्धती निवडता येतात, गेटची दिशाही उलटवता येते. नसेल तर स्वरासाठी कन्व्हर्टर घ्यावा लागेल. मध्ये नुसता रेझिस्टर टाकून हे जमणार नाही, कारण एक वक्र दुसऱ्या वक्रात बदलायचाय. गेटसाठी मात्र एक ट्रान्झिस्टर पुरतो. बीसी५४७ घ्या, बेसला १० किलोओहममधून गेट, एमिटर जमिनीला, कलेक्टर सिंथच्या ट्रिगरला.

पेटीवाला_म्हार्दोळ

ओहमबाब, गंधार लागला! आणि उतरलेलाच. पेटीवर तोच गंधार धरून बघितला, दोघांत ठोके पडत होते. घरातली माणसं हसायला लागली, इतका ओरडलो.

सेटिंगमध्ये पर्याय आहे. स्वराचा बदलला, आता चारही सप्तकं जागेवर. गेटचा पर्याय मात्र सापडला नाही, तो ट्रान्झिस्टर आणतो फोंड्याहून. देव बरें करूं.

पण मूळ प्रश्न तसाच आहे. भोकं एवढी का?

अनुजा_डिचोली

पेटीवालेदादा, ती भोकं मोजू नका. तुमच्या सिंथमध्ये आवाज घडवणाऱ्या जागा तीनच आहेत. व्हीसीओ स्वर काढतो, व्हीसीएफ त्यातली धार कमी-जास्त करतो, व्हीसीए आवाज मोठा-लहान करतो. तिघांच्याही नावात 'व्हीसी' आहे, कारण तिघंही व्होल्टेजच्या सांगण्यावर चालतात. उरलेलं सगळं म्हणजे सांगणारे. आणि भोकं एवढ्यासाठी की कोणी कोणाला सांगायचं ते आपल्याला ठरवता यावं.

कुळागरात पाटाचं पाणी वाहत असतं. माणूस खोऱ्याने इथली माती ओढतो, तिथली लोटतो, आणि पाणी कुठल्या माडाला किती जायचं ते ठरतं. पाणी म्हणजे आवाज, खोरं म्हणजे कंट्रोल व्होल्टेज. एवढा एकच फरक की सिंथमध्ये पाणी आणि खोरं एकाच मालाचे असतात, दोन्ही व्होल्टेजच. त्यामुळे आवाजाची वायर काढून खोऱ्याच्या जागी लावली तरी यंत्र तक्रार करत नाही.

आता सांगणारे कोण ते बघा.

पहिला एन्व्हलप. स्वर सुरू झाल्यापासून संपेपर्यंत व्होल्टेज कसं चढेल-उतरेल याचा आराखडा. अॅटॅक, डिके, सस्टेन, रिलीज असे चार खुंट असतात. यातले तीन वेळ सांगतात आणि सस्टेन पातळी सांगतो. नवशिक्यांची सगळ्यात जास्त गडबड इथे होते. सस्टेन वाढवला म्हणजे स्वर लांबत नाही. बोट जितका वेळ ठेवाल तितका वेळ तो लांबणारच, फक्त किती मोठा ते सस्टेनवर. ही मांडणी १९६५ च्या सुमारास व्लादिमीर उसाचेव्स्की या संगीतकाराने मूग यांच्याकडे केलेल्या मागणीतून आली. आजचं चार अक्षरी रूप नंतर एआरपी या सिंथ कंपनीमुळे रूढ झालं.

हा एन्व्हलप व्हीसीएला लावा, सतारीसारखा छेडलेला किंवा बासरीसारखा फुगत जाणारा आवाज मिळेल. तोच व्हीसीएफला लावा, आवाज 'वाँव' करत उघडेल. व्हीसीओला लावा आणि डिके एकदम कमी करा, ढोलासारखा धप्प आवाज येईल, कारण स्वर वरून खाली कोसळतो. एन्व्हलप तोच, वायर कुठे घातली त्यावर वाद्य ठरलं.

दुसरा एलएफओ. हाही ऑसिलेटरच, पण इतका संथ की ऐकू येत नाही. सेकंदाला पाच-सहा वेळा हलणारा एलएफओ व्हीसीओला लावला की स्वर थरथरतो. त्याचा वेग वाढवत नेऊन बघाच एकदा. साधारण वीस हर्ट्झच्या वर थरथर थांबते आणि आवाजाचा पोतच बदलतो, घंटेसारखे धातूचे स्वर उमटायला लागतात. बघता बघता खोरं पाणी होतं.

तिसरे गेट आणि ट्रिगर. गेट दाबून धरल्यासारखं, ट्रिगर टिचकीसारखा. ट्रिगर काही मिलीसेकंदांत संपतो, म्हणून ज्या एन्व्हलपला सस्टेन आहे त्याला ट्रिगर दिलात तर स्वर येतो न येतो तोच विझतो. ढोल-ताशाच्या आवाजांना ट्रिगर पुरतो.

चौथा आपला हात. नॉब, पट्टी, चाक, जॉयस्टिक, सगळे शेवटी व्होल्टेजच देतात.

श्रुतिसागर

हे सगळं छान. पण बारा पट्ट्यांच्या यंत्रात आमचं संगीत मावत नाही, हे पेटीच्या वादापासून चालत आलंय. आकाशवाणीने पेटी बंद केली होती ती उगाच नाही. आता तीच पेटी विजेवर.

ओहम_शांती

आकाशवाणीच्या त्या बंदीवर इथे आधीच तीन धागे पेटलेले आहेत, त्यात मी पडत नाही.

पण तुमचा मुद्दा कीबोर्डला लागू होतो, व्होल्टेजला नाही. व्होल्टेज सलग असतं. ८३.३ मिलीव्होल्टच्या पायऱ्या कीबोर्ड पाडतो, किंवा व्होल्टेज जवळच्या पट्टीवर नेऊन बसवणारा क्वांटायझर पाडतो. मधला प्रत्येक स्वर तारेत हजर आहे. प्रमाणश्रुती म्हणजे ८१/८० हे गुणोत्तर, २१.५ सेंट, म्हणजे जवळपास १८ मिलीव्होल्ट. साध्या मल्टिमीटरवर दिसतं हे. कोमल गंधार बारा पट्ट्यांत ३०० सेंटवर बसतो. तो तुम्हाला ३१६ वर हवा असेल तर १३ मिलीव्होल्ट वाढवा, दरबारीसाठी उतरवायचा असेल तर उतरवा. पेटीत ही सोय कुठे आहे?

श्रुतिसागर

उतरवलेला गंधार म्हणजे दरबारी नव्हे हो. तो आंदोलित हवा.

अनुजा_डिचोली

संथ एलएफओ, त्रिकोणी लहर, हेलकावा थोडासाच. सुरुवातीला तरी चालेल.

श्रुतिसागर

आंदोलन घड्याळासारखं नसतं. गवई रिषभावरून येताना ते वेगळं घेतो, मध्यमावरून उतरताना वेगळं. आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरणारी तुमची ती पोर्टामेंटो की काय, तिला लोक मींड म्हणतात तेव्हा मला राग येतो. मींड वाटेत थांबते, मागे वळते.

अनुजा_डिचोली

यावर माझं भांडण नाही. रोलँडच्या टीबी-३०३ या बेस सिंथची स्लाइड घ्या. दोन स्वरांत अंतर एक पट्टी असो की बारा, ती तितक्याच वेळात पोचते, आधी भरभर आणि मग मंद होत. तिची स्वतःची एक मजा आहे, पण मींड नाहीच ती. मींड हवी असेल तर सिक्वेन्सर सोडा आणि रिबन कंट्रोलरच्या सलग फितीवर बोट फिरवा. व्होल्टेज बोटामागे येईल, बोट थांबलं की थांबेल. मग यंत्राचा दोष उरत नाही, रियाजाचा प्रश्न उरतो.

श्रुतिसागर

रियाजाचं म्हणताय तर ऐकवा काहीतरी. मग बोलू.

रात्रपाळी_वागातोर

मी साउंडवाला. एक गोष्ट कोणीच सांगितली नाही म्हणून मध्ये पडतो. उघड्यावर अॅनालॉग सिंथ वाजवणार असाल तर हवामान धरून चला.

व्होल्ट पर ऑक्टेव्हसाठी आत एक एक्स्पोनेन्शियल कन्व्हर्टर लागतो. ट्रान्झिस्टरचा एक गुण आहे. बेसवर सुमारे १८ मिलीव्होल्ट वाढले की करंट दुप्पट होतो. म्हणून बाहेरचा १ व्होल्ट आत १८ मिलीव्होल्टवर आणतात, आणि सप्तक मिळतं. पण ते १८ तापमानावर अवलंबून आहेत. दर अंशाला साधारण ०.३३ टक्के फरक. काहीच बंदोबस्त नसेल तर तीन सप्तकं वरच्या स्वरात एका अंशाला १२ सेंट. डिसेंबरात संध्याकाळी साउंडचेक करता, रात्री पारा पाच अंश उतरतो, हिशेब करा. बरे सिंथ जुळे ट्रान्झिस्टर आणि तापमानासोबत बदलणारा खास रेझिस्टर घालून हे सांभाळतात, तरी चालू केल्यावर अर्धा तास तापू द्यायचा आणि मगच सूर लावायचा. उन्हात ठेवायचा नाही, पंख्याखाली नाही.

पेटीवालेबाब, तुमच्या सिंथमध्ये हर्ट्झ पर व्होल्ट का आहे त्याचं एक कारण हेच. त्या पद्धतीत हा नाजूक भाग टाळता येतो.

आणि आपली खारी हवा. छोट्या जॅकवर चार पावसाळ्यांत थर येतो, सीव्ही मध्येच तुटतं, स्वर उडी मारतो, आणि माणूस ऑसिलेटर उघडून बसतो. आधी वायर बदलून बघा. सिंथच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, ओल्या झाल्या की बदला.

वास्को_वायरमन

+१. वायरी मोनोच घ्या. स्टिरिओ जॅकमुळे कुठे चालतं, कुठे चालत नाही, आणि कारण सापडत नाही.

कुळागर

मग मूगवाल्यांनी एवढा नाजूक भाग घातलाच कशाला? शहाणे म्हणायचे ते कॉर्गवाले.

ओहम_शांती

बेरजेसाठी. कान स्वरांतलं अंतर गुणोत्तराने ऐकतो. सा-प म्हणजे दीडपट, कुठल्याही पट्टीत. व्होल्ट पर ऑक्टेव्हमध्ये हे गुणाकार बेरीज होऊन जातात. कीबोर्डचं व्होल्टेज, एलएफओचं, चाकाचं, सगळी एका भोकात बेरीज करून घाला. अख्खं गाणं काळी चारमध्ये न्यायचंय? तेवढं व्होल्टेज मिळवा, सगळे स्वर सारखे सरकतील. हर्ट्झ पर व्होल्टमध्ये तीच बेरीज केलीत तर खालचे स्वर जास्त सरकतील आणि वरचे कमी, म्हणजे गाणंच मोडलं. तिथे पट्टी बदलायची तर गुणाकार करावा लागतो, आणि तो सर्किटला महाग पडतो. थरथरही तशीच, खालच्या स्वरावर डुगडुग आणि वरच्यावर जाणवत नाही.

सिंथ बनवणाऱ्या डॉन बुकलांनी कॅलिफोर्नियात मूग यांच्याच काळात आपलं वेगळंच मांडलं, १.२ व्होल्ट पर ऑक्टेव्ह. एका पट्टीला नेमके ०.१ व्होल्ट. त्यांना पियानोसारखा कीबोर्डच नको होता. श्रुतिसागर, तुमची आणि त्यांची गट्टी जमली असती.

पेटीवाला_म्हार्दोळ

ट्रान्झिस्टर लावला. आता दाबलं की वाजतो, सोडलं की थांबतो. जोडणी बीसी५४७ चे पाय बघून दोनदा तपासून केली.

मिडीचं राहिलं.

अनुजा_डिचोली

मिडीच्या वायरीतून आवाज जात नाही, व्होल्टेजच्या रूपात स्वरही जात नाही. आकडे जातात. 'अमुक वाहिनीवर ६० नंबरचा स्वर, ९० जोराने चालू.' तीन बाइट. सेकंदाला ३१,२५० बिट या वेगाने हे तीन बाइट जायला जवळपास १ मिलीसेकंद लागतो. १६ वाहिन्या, स्वर ० ते १२७, जोर १ ते १२७. जोर शून्य पाठवला तर त्याचा अर्थ स्वर बंद. ६९ नंबर म्हणजे ४४० हर्ट्झचा ए.

१९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या मेळ्यात सीक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एका वायरीने जोडून दाखवले. दोन वेगळ्या देशांतल्या, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांची यंत्रं. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी या दोघांना त्यासाठी २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळालं. ओहम यांनी वर सांगितलेला १ व्होल्ट, १.२ व्होल्ट, हर्ट्झ, एस-ट्रिगरचा सगळा गोंधळ आठवा, म्हणजे त्या वायरीचं मोल कळेल.

पण आकड्यांना पायऱ्या असतात. फिल्टर १२८ पायऱ्यांत उघडला तर हळू फिरवताना खरखर ऐकू येऊ शकते. पिच बेंडला म्हणून १६,३८४ पायऱ्या दिल्यात. आणि जुन्या मिडीत बेंड अख्ख्या वाहिनीला लागतो, एका स्वराला नाही. दोन स्वर धरून त्यातला एकच ओढायचा असेल तर प्रत्येक स्वराला वेगळी वाहिनी द्यावी लागते. एमपीई म्हणतात ते हेच.

व्यवहारातलं एक. यामाहा ६० नंबरच्या स्वराला सी-३ म्हणतं, रोलँड सी-४. सप्तक चुकलं की आधी तिथे बघा.

वास्को_वायरमन

आणि एक. जुन्या रोलँड ड्रम मशीनच्या मागे पाच पिनांचं भोक दिसलं म्हणून मिडी समजू नका. टीआर-८०८ वर डिन सिंक असतं. प्लग तोच, आत वेगळंच. एका पिनवर चालू-बंद, दुसऱ्यावर घड्याळाचे ठोके, प्रत्येक बीटला २४. कॉर्गच्या त्या काळच्या यंत्रांत ४८. एकाचं दुसऱ्याला जोडलं की दुप्पट किंवा निम्मी लय.

रात्रपाळी_वागातोर

मिडीचं घड्याळही बीटला २४ च. १४५ च्या लयीत दर १७.२ मिलीसेकंदांनी एक ठोका. अॅनालॉग सिक्वेन्सर बहुतेक वेळा एका ठोक्याला एक पायरी सरकतो, आणि पायरी म्हणजे सोळावा भाग. म्हणून मध्ये सहाने भागणारा डिव्हायडर लागतो.

३०३ चा विषय निघालाच आहे तर सांगतो. १९८२ मध्ये मुंबईच्या चरणजित सिंग यांनी ३०३, ८०८ आणि ज्युपिटर-८ घेऊन रागांवर एक रेकॉर्ड केली होती. शिकागोत त्या ३०३ वर लोकांनी नाचायला सुरुवात करायच्या आधी. आपल्याकडे हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यावर नव्वदीत तोच आवाज ट्रान्समध्ये आला. चरणजित सिंगांचं तेव्हा इथे कोणी नावही घेत नव्हतं.

कुळागर

तो आवाज आमच्या माडीवर पहाटेपर्यंत यायचा. ट्रिगर, गेट, सगळं छातीत.

श्रुतिसागर

त्याच्याही आधी अहमदाबादला मूग आला होता. १९६९, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो बसवून दिला. गीता साराभाईंनी त्यावर काम केलंय. त्या मृदंग शिकलेल्या, पखवाजाच्या घराण्यातल्या तालमीच्या. टीका करतो म्हणजे मी अगदीच अडाणी नाही, एवढं कळावं.

पेटीवाला_म्हार्दोळ

श्रुतिसागरजी, वाजवलेलं ऐकवायचं माझ्याकडे लागू. सध्या सा धरून फिल्टर उघडतोय आणि मिटतोय, त्यातच संध्याकाळ जाते.

तालाचं विचारतो. सिक्वेन्सरला सोळा पायऱ्या आहेत. रूपक कसा बसवायचा?

ओहम_शांती

पायऱ्यांची लांबी बदलता येत असेल. सात किंवा चौदा ठेवा, झपतालाला दहा. खरी मजा दोन सिक्वेन्सर एकाच घड्याळावर चालवण्यात आहे. एक सातचा, दुसरा सोळाचा. ११२ ठोक्यांनी दोघांची सम एकत्र येते. तोवर वाट बघायची नसेल तर रीसेटचं भोक असतं, तिथे ट्रिगर दिला की दोघंही पहिल्या मात्रेवर. आपले तबलावादक खाप्रुमाम पर्वतकर हातापायांनी वेगवेगळे ताल धरून समेला एकत्र आणायचे असं सांगतात. त्यांना रीसेटची वायर लागत नव्हती.

अनुजा_डिचोली

पेटीवालेदादा, एक सुचवू? तुमच्या मंडळात घुमट आहे ना. घुमट वाजवणाऱ्याचे हात बघा. उजवा हात कातड्यावर थाप मारतो, डावा मडक्याच्या उघड्या तोंडावर असतो आणि झाक-उघड करून घुमार बदलतो. उजवा गेट देतो, डावा सीव्ही. या धाग्यावर आपण जे बोलतोय ते चवथीला प्रत्येक वाड्यावर चालू असतं.

तर घुमटालाच सिंथ जोडा. मडक्याच्या काठाशी पायझो, म्हणजे थरथरीचं व्होल्टेज करणारी चकती, चिकटवायचा. थाप पडली की त्यातून व्होल्टेज निघतं, त्याचा ट्रिगर करायचा. सिंथ प्रत्येक थापेला एक खर्ज देईल आणि आरती म्हणणाऱ्यांना आधार मिळेल. थापेच्या जोराप्रमाणे फिल्टरही उघडायचा असेल तर एन्व्हलप फॉलोअर लावा, म्हणजे आवाजाच्या चढ-उताराचं सीव्ही होतं.

पेटीवाला_म्हार्दोळ

ही कल्पना मंडळात सांगितली. दोघं उठून गेले, तिघांनी विचारलं कधी करायचं. वायरमनबाब, जोडणी सांगा. घुमट बोकडाच्या कातड्याचं आहे, जुनं घोरपडीचं नाही.

वास्को_वायरमन

कातड्यावर चिकटवू नका, आवाज मरतो. मातीवरच, काठाखाली दोन बोटं.

पायझो जोरात ठोकला तर दहा-वीस व्होल्टही सहज देतो, म्हणून सिंथला थेट जोडायचा नाही. पायझोच्या दोन टोकांत १ मेगाओहम. पुढे १० किलोओहम मालिकेत, मग जमिनीला ५.१ व्होल्टचा झेनर. ही वायर एलएम३९३ कंपॅरेटरच्या (दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप) उलट्या इनपुटला, सरळ इनपुटला पॉटमधून (फिरवायचा रेझिस्टर) थोडं व्होल्टेज. पॉटने ठरवायचं की किती जोराच्या थापेला जागं व्हायचं. शेजारची कासाळी, समेळ ऐकून ते उठायला नको. ३९३ च्या आउटपुटला १० किलोओहमचा पुल-अप, म्हणजे बॅटरीच्या धन टोकाला जाणारा रेझिस्टर, विसरू नका.

एका थापेत मडकं बराच वेळ थरथरतं आणि चार ट्रिगर निघतात. म्हणून पुढे ५५५ ही टायमर चिप, एकदाच उडणारी. थाप पडली की ३९३ चं आउटपुट खाली जातं, ५५५ ला तेच हवं असतं. ३९० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड घातले की साधारण ४३ मिलीसेकंद तो दुसरं काही ऐकत नाही. घुमटावरची जलद लय त्यात मावते. ५५५ च्या आउटपुटला तुम्ही आधी केलेलीच बीसी५४७ ची जोडणी, आणि ती एस-ट्रिगरला. सगळं ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालेल, फक्त बॅटरीची जमीन आणि सिंथची जमीन एकत्र करा. ती विसरलात तर काहीच होणार नाही आणि तुम्ही पुन्हा इथे विचारायला याल.

सिंथचा सस्टेन शून्यावर ठेवा आणि डिके थोडा वाढवा, नाहीतर ४३ मिलीसेकंदांत खर्ज ऐकूच येणार नाही. रिलीजचा खुंट वेगळा असेल तर तोही डिकेएवढाच ठेवा.